पहिल्या दिवसाचा डबा

आधी तिथी आणि जबाबदार व्यक्ती नोंदवतो. बाकीचे मागाहून.

भाद्रपद शुद्ध एकादशी. 'यंदापासून माझ्या घरी भुलाबाई बसणार नाही,' असे पूर्वसूचना न देता फोनवरून कळवण्यात आले. जबाबदार : माझी थोरली बहीण, मुक्काम गुढियारी, रायपूर.

भाद्रपद शुद्ध द्वादशी. सदर निर्णय जेवणाच्या टेबलावर सांगितला असता, 'अच्छा है ना बाबा, अब ये सब करता कौन है,' असा शेरा मारण्यात आला. जबाबदार : माझा मुलगा, मुक्काम नवा रायपूर, माझ्याच घरात.

भाद्रपद शुद्ध चतुर्दशी. माझ्या चार पानी पत्राच्या उत्तरादाखल झाकण घट्ट बसवलेला एक पितळी डबा पाठवण्यात आला. सोबत चिठ्ठीसुद्धा नव्हती. जबाबदार : पुन्हा बहीण.

भाद्रपद पौर्णिमा. सदर डबा रिकामा असल्याचे लेखी जाहीर करण्यात आले. जबाबदार : मी.

आश्विन शुद्ध पंचमी. कोजागिरीच्या तोंडावर आमच्या इमारतीच्या गच्चीला कुलूप लावण्यात आले. जबाबदार : वसाहतीच्या समितीचे अध्यक्ष.

मी आयुष्यभर सरकारी कार्यालयाच्या विधी शाखेत टिपणे लिहिली. तिथला अलिखित संकेत असा की, जबाबदार व्यक्तींच्या यादीत टिपण लिहिणाऱ्याचे नाव कधीही येत नाही. वरच्या यादीत ते आले आहे. यापुढचे सगळे कथन ते तिथे कसे आले याविषयी आहे, आणि त्याहून अधिक महत्त्वाचे म्हणजे, यादीत जिचे नाव यायला हवे होते आणि आले नाही, अशा एका व्यक्तीविषयी आहे.

विदर्भाबाहेरच्या वाचकाला भुलाबाई माहीत असेलच असे नाही. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर घरात मातीची एक जोडी बसवतात : भुलाबाई आणि तिचा नवरा भुलोजी, म्हणजे पार्वती आणि शंकर. संध्याकाळी आळीतल्या मुली जमतात, टाळ्या वाजवत गाणी म्हणतात, आणि गाणी संपली की घरातली बाई झाकलेला डबा घेऊन येते. त्यात खिरापत, म्हणजे प्रसादाचा खाऊ असतो. डबा हलवायचा, आवाजावरून आतला पदार्थ ओळखायचा, आणि मगच खायचा. एवढाच सोहळा. त्याला भटजी लागत नाही, मुहूर्त लागत नाही. मुली लागतात.

माझे वडील वऱ्हाडातून रेल्वेच्या मालधक्क्यावर नोकरीला म्हणून रायपूरला आले आणि गुढियारीत राहिले. आमच्या पाऱ्यात, म्हणजे आळीत, मराठी घरे चार. पहिल्याच भाद्रपदात आईला कळले की इथे भुलाबाई विकत मिळत नाही. ती कुंभाराकडे गेली आणि हातवारे करून एक बाई, एक बाप्या, शेजारी शेजारी बसलेले, असे सांगू लागली. कुंभाराने ऐकून घेतले आणि हसून म्हणाला, "ये तो गौरा-गौरी आय, बाई. देवारी बर तो अड़बड़ दिन हे. अभी काबर?" दिवाळीला बराच वेळ आहे, आत्तापासून कशाला, असे त्याचे म्हणणे. छत्तीसगढी लोक त्याच जोडीचे दिवाळीत लग्न लावतात. आईने त्याला एवढेच सांगितले की आमच्याकडची बाई दीड महिना आधीच येते. त्या वर्षापासून तो कुंभार दर भाद्रपदात न सांगता जोडी करून ठेवू लागला.

दुसरी अडचण कोजागिरीची. त्या दिवशी ज्वारीच्या पाच धांड्यांचा मांडव घालून त्यात जोडी बसवतात, आणि इथे दहा दिशांना धान, म्हणजे भात. वडिलांनी एक वर्ष नागपूरकडून येणाऱ्या मालगाडीच्या गार्डाला सांगून धांडे मागवले; ते पोचले तेव्हा ती जळाऊ काड्यांची मोळी झाली होती. पुढच्या वर्षी आईने बाजारातून धानाच्या लोंब्यांची झालर आणली. इकडे चिमण्यांनी दाणे टिपावेत म्हणून ती दारावर टांगतात. आईने ती भुलाबाईच्या डोक्यावर टांगली आणि विषय संपवला. मी पुढे अनेक कायदे आणि त्यांतल्या दुरुस्त्या वाचल्या. इतकी स्वच्छ दुरुस्ती वाचनात आली नाही.

या सगळ्यात माझे स्थान काय, असे कुणी विचारील. भुलाबाई मुलींची, मुलाला तिथे कामच नाही. परंतु मुली भांडत. डबा पाच पाच वेळा हलवत, झाकणाला नाक लावत, आणि एकीने उत्तर दिले की दुसरी म्हणे, 'मी आधी हिच्या कानात सांगितलं होतं.' शेजारचे एक घर तर रोज खिरापत खाऊन जाई आणि स्वतःकडे भुलाबाई बसवायची वेळ आली की त्यांच्याकडे कुणीतरी आजारी पडे. बारा वर्षांचा असताना मी संतापून एक वही केली आणि तिच्यावर 'खिरापतीचे नियम' असे लिहिले. डबा तीनदाच हलवावा. डब्यात फडके कोंबून आवाज दाबू नये. नियम चौथा असा : उत्तर सर्वांसमोर, मोठ्याने द्यावे, कानात सांगितलेले ग्राह्य नाही. आणि शेजारच्या घरासाठी खास नियम सातवा : ज्या घराला डबा ओळखता येणार नाही, त्या घराने दुसऱ्या दिवसापासून भुलाबाई आपल्याकडे बसवावी.

आईने वही वाचली आणि मला उंबरठ्यावर पाट टाकून दिला. "तू इथं बस. आत यायचं नाही. निवाडा कर." लग्न होऊन रायपूरला आलेली ती बाई प्रमाण मराठी फक्त अशाच प्रसंगी बोले. त्या पाटावर मी सहा वर्षे बसलो. माझ्या वकिली स्वभावाचे मूळ कुणी शोधू पाहत असेल तर त्याने तिथून सुरुवात करावी.

पुढे रायपूर राजधानी झाली. राज्य जन्माला आले तेव्हा दिवाळीच्या पणत्या अजून ओसरीतच होत्या. जुन्या इमारतींमध्ये नवे विभाग दाटीवाटीने बसले. मी विधी शाखेत कोपऱ्यातले टेबल पटकावले आणि नव्या राज्याच्या नियमांचे मसुदे लिहिले. नंतर सचिवालय नव्या रायपुरात गेले, त्यामागे मी गेलो, आणि निवृत्तीनंतरही तिथेच, तिसऱ्या मजल्यावर राहिलो. रस्ते एवढे रुंद की समोरच्या इमारतीतला माणूस ओळखू येत नाही. बस कधी येईल ते बसलाच ठाऊक. गुढियारीच्या घरात ताई राहिली. तिने लग्न केले नाही. शाळेत शिकवले, आईला शेवटपर्यंत सांभाळले, आणि आईमागे भुलाबाई बसवली. पाऱ्यातल्या हिंदी आणि छत्तीसगढी मुलींनाही तिने सगळी गाणी शिकवली होती.

म्हणून तिचा एकादशीचा फोन मला आदेशाविरुद्धचे बंड वाटला.

"यंदापासून भुलाबाई बसवत नाही मी," ती म्हणाली.

"काहून?"

"पोट्ट्या येत नाहीत. मागच्या कोजागिरीले दोघी आल्या, अन् त्यातली एक मोबाइल पाहून राहिली होती. मी एकटी गाऊन राहिली. भिताडाले गाणं ऐकवू का मी?"

"ताई, एखादी परंपरा अशी एकतर्फी संपुष्टात आणता येत नाही."

"मंग दोतर्फी आण. तू काय करून राहिला तिकडे?"

मी फोन ठेवला आणि लिहायला बसलो. चार पाने लिहिली. आईचा उल्लेख दोनदा, कर्तव्याचा सहादा. पत्र जोरकस होते. आजही त्यातले एक वाक्य बदलावे असे मला वाटत नाही. फक्त तिने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते. मुलाचे शहरात काम होते, त्याच्याबरोबर पत्र पाठवले. चतुर्दशीला तो डबा घेऊन परतला.

"आत्या बोली, ये बाबा को दे दे. परसों दिया लगने तक जवाब चाहिए."

"परवा नव्हे, उद्या. पौर्णिमा उद्या आहे," मी म्हणालो.

डबा मी लगेच ओळखला. आईचा. जड पितळेचा, झाकणावर वडिलांच्या नावाची आद्याक्षरे ठोकलेली. मी तो जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि सर्वांना बोलावले. सर्व म्हणजे माझी पत्नी, मुलगा, आणि आठ वर्षांची नात. सून तिच्या माहेरी गेली होती. मी डबा कानाजवळ धरून एकदा हलवला. आवाज नाही. दुसऱ्यांदा हलवला. काहीही नाही. तिसऱ्यांदा अत्यंत सावकाश हलवला.

"अहो, डबा आहे तो, आरोपी नाही," पत्नी म्हणाली. "लाडू असतील चिकटलेले."

"लाडू चिकटले तरी एकत्र सरकतात. हा कूटही नाही, कुटाची सळसळ होते. फडके कोंबणे नियमाने मना आहे आणि माझी बहीण नियम मोडणारी नाही. आवाज नाही, हालचाल नाही. डबा रिकामा आहे."

"रिकामा डबा कशाला पाठवतील ताई?"

"तीच तर तिची भूमिका आहे! संपले, आता काही उरले नाही, असे तिला सांगायचे आहे."

मला माझा निष्कर्ष फार आवडला. आणि त्याच क्षणी नात खुर्चीवर चढली, डब्याच्या काठावर बोट फिरवले, आणि माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "आबा, इसमें लाई है."

"कानात सांगितलेले ग्राह्य नाही," मी म्हणालो. "सांगायचे तर सगळ्यांसमोर मोठ्याने सांग."

तिने माझ्याकडे पाहिले, मग बापाकडे, आणि खांदे उडवून निघून गेली. मी तिला परत बोलावले नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

पौर्णिमेच्या संध्याकाळी, दिवा लावण्यापूर्वी, फोन टेबलावर ठेवून त्याचा आवाज सर्वांना ऐकू येईल असा मोठा केला आणि मी माझे निवेदन वाचून दाखवले. दीड पान होते. रिकामा डबा हा खिरापतीचा डबा ठरू शकत नाही, सबब हे आव्हानच अवैध आहे, सबब भुलाबाई पूर्ववत गुढियारीतच बसली पाहिजे, असा त्याचा आशय.

ताईने मध्ये एकदाही अडवले नाही. वाचून संपल्यावर म्हणाली, "झालं? उघड आता."

झाकण निघेना. मुलाने चमच्याच्या टोकाने उचकटले. आत काठोकाठ, तळहाताने दाबून भरलेल्या, पांढऱ्याशुभ्र लाह्या. त्यांना हलायला जागाच नव्हती. चार-पाच उडाल्या आणि माझ्या निवेदनावर पडल्या.

"पहिल्या दिवशी आईचा डबा कायचा असे रे?" फोनमधून ताईने विचारले.

उत्तर मला ठाऊक होते. पहिल्या दिवशी लाह्या. दर वर्षी, न चुकता, लाह्या. वऱ्हाडात ज्वारीच्या असत, इथे धानाच्या. आई त्या मुद्दाम सैल भरे, म्हणजे खुसखुस आवाज होई. आम्हा सगळ्यांना माहीत असे आणि कुणीही बोलत नसे, कारण पहिला डबा सगळ्यात लहान मुलीने ओळखायचा, तिने जिंकायचे, म्हणजे ती महिनाभर रोज येते. हे वहीत लिहिलेले नव्हते. उंबरठ्यावरच्या न्यायाधीशाने सगळे लिहिले आणि नेमके हेच लिहिले नव्हते.

"इतका कायदा शिकला तू," ताई म्हणाली, "अन् आईचा डबा वळखता आला नाही. वही माझ्यापाशी आहे. सातवा वाचू?"

"नको. मले माहीत आहे."

"मोठ्यानं सांग."

"दुसऱ्या दिवसापासून भुलाबाई आमच्या घरी."

"हव," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

माझा मुलगा इतका हसला की त्याला उठून पाणी प्यावे लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यानेच गाडी काढली. आम्ही गुढियारीला गेलो. जुन्या कुंभाराच्या मुलाने जोडी तयार ठेवली होती. 'दीदी बोले रहिस, ए बार भैया लेगही,' असे तो म्हणाला. म्हणजे यंदा भाऊ नेणार हे तिने त्याला आधीच सांगून ठेवले होते. किती आधी, ते विचारायचे मला सुचले नाही. ताईने दारातच वही हातात दिली, चहा दिला, गाणी म्हणायला येशील का, असे विचारल्यावर म्हणाली, "आता तुझ्या घरची भुलाबाई. मी कोजागिरीले येईन, पाहुणी म्हणून." परतताना जोडी माझ्या मांडीवर होती. मी वही उघडून पाहिली. सातव्या नियमाशेजारी फुलपाखराचे एक चकचकीत चित्र चिकटवलेले दिसले. शिक्षिकेची खूण करण्याची सवय, असे समजून मी वही मिटली.

जोडी दिवाणखान्यातल्या पुस्तकांच्या कपाटावर बसली. आता प्रश्न गाण्यांचा. पत्नी जबलपूरची; तिच्या माहेरी हे नव्हते. नात मराठी समजते, उत्तर हिंदीत देते. तिने खालच्या मजल्यावरच्या दोन आणि समोरच्या दारातली एक, अशा तीन मुली गोळा करून आणल्या आणि चौघी मला पाहत उभ्या राहिल्या. मी घसा साफ केला. पहिली ओळ आठवते का पाहावे म्हणून तोंड उघडले, आणि पूर्ण गाणे बाहेर आले. मग दुसरे. सासरहून माहेरी जायला निघालेल्या सुनेला एकेक काम सांगून थांबवतात, ते लांबलचक गाणेसुद्धा सगळ्या कामांसह आले, क्रमही चुकला नाही. सहा वर्षे उंबरठ्यावर निवाडा करत बसलो होतो, तेव्हा कान उघडेच होते. मुली टाळ्या वाजवू लागल्या. पत्नी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि, लग्नाला इतकी वर्षे झाली, तिने माझ्याकडे असे कधी पाहिले नव्हते.

"अहो, तुम्ही गाता?"

"मी नोंद सादर करतो आहे," मी म्हणालो.

तरीही पहिला आठवडा माझा हेतू शुद्ध नव्हता, हे कबूल केले पाहिजे. मला भुलाबाईतून कायदेशीर मार्गाने मोकळे व्हायचे होते. खालच्या घराने डबा ओळखला नाही की जोडी तिकडे जाणार. मी पत्नीला अवघड खिरापती सुचवू लागलो. चालले नाही. खालची छत्तीसगढी पोरगी डबा एकदा हलवी आणि ओरडे, "ठेठरी!" बेसनाचे ते वेढे तिच्या रोजच्या खाण्यातले. शेंगदाण्याची वडी, मुरमुरे, खोबऱ्याचे काप, काहीच टिकले नाही. शेवटी नवव्या दिवशी पत्नीने वाटली डाळ केली आणि डाव साधला. "हलवा?" पोरगी म्हणाली. चुकले. पाच मिनिटांत तिची आई वर आली, पदराला हात पुसत. "अंकल जी, तो कल से हमारे यहाँ ना? मैंने टीवी के बाजू में जगह बना ली है."

मी वही उघडली आणि सांगितले की उत्तर दिवा लागण्यापूर्वी दिले गेले, म्हणून ते मुदतपूर्व आहे, आणि प्रकरण उद्यावर ठेवावे लागेल.

ती गेल्यावर पत्नी म्हणाली, "हा निवाडा होता की लबाडी?"

"स्थगिती."

"ठेवून घ्यायची आहे तुम्हाला. तसे सांगा ना."

दुसऱ्या दिवशी मी स्वतः जोडी खाली नेऊन दिली. नियम तो नियम. त्या संध्याकाळी खालून गाणी ऐकू आली, शब्द चुकत होते, आणि मला चुका सुधारायला जाता येईना, कारण पाहुण्याने पहिल्याच दिवशी चुका काढू नयेत एवढे मलाही समजते. खाली चार दिवस भुलाबाई राहिली आणि आमच्या घराने चारही दिवस डबा ओळखला, म्हणून ती परत येईना. आमच्यातर्फे उत्तर नात देत असे. पाचव्या संध्याकाळी डबा तिच्या हातात आला. तिने तीनदा हलवला. माझ्यासारख्याला सुद्धा कळले की आत खुरमी आहे. त्या गोड शंकरपाळ्यांचा खडखडाट दारापर्यंत आला. नात छताकडे पाहत म्हणाली, "पता नहीं."

खाली टाळ्या झाल्या. आम्ही हरलो होतो. उद्यापासून जोडी पुन्हा आमच्याकडे. जिना चढताना मी तिला विचारले, "खुरमी होती. कळले नाही?"

"पता था, आबा. बोली नहीं." मग मांजरासारखे डोळे बारीक करून, "हारे तो अपने घर आती है ना. सात नंबर."

मी जिन्यात थांबलो. "सात नंबर तुला कोणी सांगितला?"

"बड़ी आत्या ने. गणपति में गई थी ना मैं. वो कॉपी पूरी पढ़ी हमने. चार नंबर भी."

चार नंबर. कानात सांगितलेले ग्राह्य नाही. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी हिने काठाला चिकटलेले धानाचे टरफल बोटावर घेतले होते, उत्तर ओळखले होते, आजोबांना सांगितल्याशिवाय राहवले नव्हते, आणि म्हणून ते अशा रीतीने सांगितले होते की मला ते स्वीकारताच येऊ नये. 'मोठ्याने सांग' म्हटल्यावर खांदे उडवून गेली होती. फुलपाखराचे चित्र तिच्या शाळेच्या वह्यांवर चिकटवलेले असते. ते मी रोज पाहतो.

यादीत जिचे नाव यायला हवे होते आणि आले नाही ती ही.

राहिला गच्चीचा प्रश्न. अध्यक्ष, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले सज्जन गृहस्थ, म्हणाले की कोजागिरीला समितीचा कार्यक्रम खालच्या सभागृहात होईल, पेल्यातून दूध मिळेल, गच्चीवर जाण्याचे कारण नाही. मी त्यांना कळवले की सभागृहाला छत आहे आणि चंद्राला आत येण्याची परवानगी समितीने घेतलेली दिसत नाही. त्यांनी उत्तर दिले नाही. मी दुसरे पत्र पाठवले, त्याला समितीच्याच उपविधींची प्रत जोडली, ज्यात 'कौटुंबिक प्रयोजनासाठी' गच्ची खुली ठेवण्याची तरतूद आहे. त्यावर ते स्वतः वर आले. संध्याकाळची वेळ होती, घरात अकरा मुली होत्या, त्यांत त्यांची नातही, आणि तिने त्यांच्या हातात डबा दिला. त्यांनी तो हलवून 'चना' म्हटले. चूक. 'मूँगफली'. घराला एकच उत्तर, असे मुली ओरडल्या. आत अनारसे होते. मी सातवा नियम वाचून दाखवला; भुलाबाई घरी न्यायची नसेल तर गच्चीची किल्ली, अशी तडजोड झाली, आणि दोन अनारसे खाऊन अध्यक्ष किल्ली ठेवून गेले. त्यांचे नाव मी यादीतून वगळत नाही; कुलूप लावले ते लावले. शेरा मात्र जोडतो की नुकसानभरपाई झाली.

माझ्या मुलाने काल सदर बाजारच्या तोंडाशी गाडी लावून धानाच्या लोंब्यांची झालर आणली. कुणी सांगितले नव्हते. 'करता कौन है' या त्याच्या प्रश्नाला मी लेखी उत्तर तयार ठेवले होते. ते आता फाडून टाकले.

आज आश्विन शुद्ध त्रयोदशी. परवा कोजागिरी. ताई पाहुणी म्हणून येणार आहे. गाडी पाठवू का, म्हटल्यावर बसनेच येईन म्हणाली, तुझ्या राजधानीची बस पाहायची आहे मले. आल्यावर तिला मी खुर्चीवर नव्हे, उंबरठ्यावरच्या पाटावर बसवणार आहे, आणि अकरा मुली, त्यांच्या आया, अध्यक्ष, पत्नी, मुलगा, सून, या सर्वांसमक्ष तिला पुढील प्रश्न विचारणार आहे. तो इथे आधीच छापून ठेवतो, म्हणजे ऐकू आला नाही असे म्हणता येणार नाही.

आईच्या डब्यात लाह्या दाबून भरताना तिला सातवा नियम आठवत होता की नाही? आणि माझ्या नातीला तिने या कटात गणपतीतच सामील करून घेतले होते की नाही?

उत्तर 'नाही' आले, तर मी डबा रीतसर हरलो आणि भुलाबाई पुढच्या भाद्रपदातही माझ्या घरी बसेल. उत्तर 'होय' आले, तर नव्या नियमाचा मसुदा मी तयार ठेवला आहे : कट करणाऱ्या पक्षाने दर संध्याकाळी येऊन गाणी म्हणावीत, कारण माझा आवाज बसला आहे. दोन्ही उत्तरांची माझी तयारी आहे.

फक्त उत्तर तिने सर्वांसमोर, मोठ्याने द्यावे. कानात सांगितलेले ग्राह्य धरले जाणार नाही.